पदवीनंतरचे विषय आणि अमेरिकेतील डेंटल प्रवेशाचा जीपीए : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत डेंटिस्ट होऊ इच्छिणारी मराठी मुले, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे आईवडील, गेली अनेक वर्षे मला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र दिले आहेत. यातल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती अशी की पदवीनंतर चांगले ग्रेड मिळवले की आधीचे पुसले जातात. ते पुसले जात नाहीत. जुने ग्रेड जागच्या जागी राहतात, नवे त्यांच्या शेजारी बसतात आणि निवड समिती दोन्ही वाचते. हे एकदा लक्षात आले की कोणते विषय घ्यायचे, किती घ्यायचे आणि कधी घ्यायचे हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते. एका उत्तरात आलेली बाब दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बॅचलर पदवी मिळाली की जीपीए कायमचा ठरतो ना?

कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विषयवार गुणपत्रिकेवर, छापलेला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ठरतो. डेंटल प्रवेशअर्जातला जीपीए ठरत नाही. अमेरिकेतील बहुतेक डेंटल महाविद्यालये ॲडसास या केंद्रीय अर्जसेवेमार्फत अर्ज स्वीकारतात, आणि ही सेवा अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशन चालवते. विद्यार्थ्याने आजवर ज्या ज्या कॉलेजात पाऊल ठेवले, त्या सगळ्यांचे ट्रान्सक्रिप्ट मागवून ॲडसास एकाच मोजपट्टीने जीपीए नव्याने काढते. त्या मोजपट्टीत ए म्हणजे ४.०, ए मायनस म्हणजे ३.७, बी प्लस म्हणजे ३.३ आणि बी म्हणजे ३.०. वर्षाचे तीन भाग करणाऱ्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजांची क्रेडिट (विषयाच्या तासांनुसार ठरणारे त्याचे वजन) दोन तृतीयांश धरून सेमिस्टरच्या क्रेडिटमध्ये बदलली जातात. पदवीनंतर ग्रेड देऊन शिकवलेला प्रत्येक विषय या हिशेबात येतो.

भारतात बारावीनंतर नीटच्या गुणांवर बीडीएसला प्रवेश मिळतो, त्यामुळे पदवीनंतरही गुण वाढवता येतात ही कल्पना आपल्याकडच्या पालकांना पटायला वेळ लागतो. अमेरिकेत डेंटलचा प्रवेश साधारणपणे चार वर्षांच्या पदवीनंतर होतो. काही महाविद्यालये डीडीएस देतात, काही डीएमडी देतात. पदवी एकच, नावे दोन.

२. पोस्ट-बॅक म्हणजे नक्की काय? त्यासाठी वेगळा कोर्स शोधावा लागतो का?

पहिली बॅचलर पदवी मिळाल्यानंतर घेतलेले पदवीस्तरावरचे विषय म्हणजे पोस्ट-बॅक. काही विद्यापीठे याच नावाचे वर्ष-दोन वर्षांचे आखीव कार्यक्रम चालवतात, त्यांत मार्गदर्शकही मिळतो. परंतु जवळच्या विद्यापीठात पदवीबाह्य विद्यार्थी म्हणून नाव नोंदवून सुटे विषय घेतले तरी ॲडसासच्या हिशेबात त्यांची जागा तीच असते. आखीव कार्यक्रमाची फी भरल्याने जीपीएच्या गणितात काहीही अधिक मिळत नाही. तेथे शिस्त, सोबत आणि शिफारसपत्रे मिळतात, आणि ज्यांना एकट्याने अभ्यास जमत नाही त्यांच्यासाठी ते थोडेथोडके नाही.

३. माझ्या मुलाचा जीपीए ३.० आहे. एक वर्ष पोस्ट-बॅक केल्यावर तो ३.५ होईल का?

होणार नाही, आणि फी भरण्याआधी हे गणित घरी बसून करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. जीपीए ही भारित सरासरी आहे. प्रत्येक विषयाच्या ग्रेडला त्याच्या क्रेडिटने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे. पदवीची १२० क्रेडिट ३.० सरासरीने झाली असतील तर त्याच्या खात्यावर ३६० गुण आहेत. पूर्ण वर्षभर ३० क्रेडिटचे विषय घेऊन प्रत्येकात ए मिळवला तर त्यात १२० गुणांची भर पडते. ४८० भागिले १५० म्हणजे ३.२०. दोन वर्षे असेच केले तर ६०० भागिले १८०, म्हणजे ३.३३. ३.५ वर पोहोचायचे तर आणखी १२० क्रेडिट, म्हणजे पहिल्या पदवीइतकाच अभ्यास, एकही बी न येता करावा लागेल.

हेच गणित ३.४ च्या विद्यार्थ्याला निराळे दिसते. त्याचे ४०८ गुण अधिक १२० म्हणजे ५२८, भागिले १५०, म्हणजे ३.५२. डेंटलला प्रवेश मिळालेल्यांचा एकूण जीपीए सरासरीने ३.५ ते ३.६ च्या आसपास असतो, त्यामुळे या विद्यार्थ्याला एका वर्षाने आकड्याच्या दृष्टीनेही बराच हात मिळतो. ३.० च्या विद्यार्थ्याचा फायदा दुसरीकडे आहे. तो पुढच्या उत्तरात सांगितला आहे.

४. आकडा एवढाच वाढणार असेल तर वर्ष कशाला घालवायचे?

कारण समितीसमोर एकच आकडा ठेवला जात नाही. ॲडसास जीपीएचा तक्ता तयार करते. त्यात फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सिनियर अशा वर्षवार ओळी असतात, पोस्ट-बॅकची स्वतंत्र ओळ असते, पदव्युत्तर विषयांची स्वतंत्र ओळ असते, आणि त्याशिवाय पदवीस्तराचा एकत्रित व सगळ्याचा मिळून असे एकूण आकडे असतात. पोस्ट-बॅक पदवीस्तराच्या एकत्रित आकड्यातही मिसळतो आणि आपल्या ओळीत वेगळाही दिसतो. ३.० एकत्रित आणि पोस्ट-बॅक ३.९ असा तक्ता वाचणारा माणूस, हा विद्यार्थी आज काय करू शकतो, हे पोस्ट-बॅकच्या ओळीवरून जोखतो.

एका मुलाची आई त्याचे ट्रान्सक्रिप्ट घेऊन आमच्या घरी आली होती. जेवणाच्या टेबलावर आम्ही ती पाने ओळीने मांडली. दुसऱ्या वर्षाच्या पानावर ऑर्गॅनिक केमिस्ट्रीसमोर सी मायनस होता आणि त्याच्या खालीवर बी आणि सी. शेवटच्या पानावर पदवीनंतरचे सहा विषय, बायोकेमिस्ट्रीपासून हिस्टॉलॉजीपर्यंत, मिळून २२ क्रेडिट, पाच ए आणि एक ए मायनस. एकत्रित जीपीए ३.०८ वरून ३.२१ झाला होता. "एवढ्यासाठी वर्ष गेलं?" असे त्या माउलीने विचारले. मी त्यांना पोस्ट-बॅकची ओळ काढून दाखवली, ती ३.९५ होती. पुढे त्या मुलाच्या मुलाखतीत सर्वांत जास्त प्रश्न त्या एका वर्षाबद्दल विचारले गेले.

मात्र या ओळीला वजन येण्यासाठी तिच्यात पुरेसे विषय हवेत. नोकरी सांभाळून एका सत्रात एकच विषय घेतला आणि ए मिळवला, तर डेंटलच्या पहिल्या वर्षाचा भार झेपेल की नाही हे त्यातून कळत नाही. शक्य असेल तर निदान एक सत्र पूर्ण भाराचे, म्हणजे १२ किंवा त्याहून अधिक क्रेडिटचे घ्यावे, आणि त्यात विज्ञानाचे वरच्या पातळीचे विषय असावेत : बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, फिजिऑलॉजी, ॲनाटॉमी, सेल बायॉलॉजी, इम्युनॉलॉजी. सोप्या विषयांतल्या ए-ने सरासरी तितकीच वाढते. वाचणाऱ्याचे मत बदलत नाही.

५. सायन्स जीपीए वेगळा काढतात म्हणे. त्यावर किती परिणाम होतो?

बराच, आणि माझ्या मते पोस्ट-बॅकचा खरा फायदा येथेच आहे. विज्ञानाची क्रेडिट मुळात कमी असतात, म्हणून नव्या विषयांचे पारडे लवकर जड होते. समजा पदवीत विज्ञानाची ५० क्रेडिट २.७ सरासरीने झाली, म्हणजे १३५ गुण. पोस्ट-बॅकमधली ३० क्रेडिट संपूर्ण विज्ञानाची घेऊन सगळीकडे ए मिळवला, तर २५५ भागिले ८०, म्हणजे ३.१९. ज्या वर्षात एकूण जीपीए ०.२० ने सरकतो त्याच वर्षात सायन्स जीपीए जवळजवळ अर्ध्या गुणाने वर येतो. बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि फिजिक्स या तिघांचा मिळूनही एक वेगळा आकडा काढला जातो आणि त्यालाही हेच लागू पडते.

६. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी मायनस होता. विषय पुन्हा घेऊन ए मिळवला आणि कॉलेजने जुना ग्रेड काढून टाकला. आता अर्जात फक्त ए धरतील ना?

दोन्ही धरतील. अनेक कॉलेजे पुन्हा घेतलेल्या विषयाचा जुना ग्रेड आपल्या सरासरीतून वगळतात. ॲडसास ती सवलत मानत नाही. प्रत्येक प्रयत्न अर्जात भरावा लागतो आणि प्रत्येकाची क्रेडिट मोजली जातात. ४ क्रेडिटच्या विषयात आधी १.७ आणि नंतर ४.० असेल तर त्या ८ क्रेडिटची सरासरी २.८५ येते. म्हणूनच कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरचा आकडा आणि ॲडसासचा आकडा यांत तफावत पडते, आणि ती पाहून घाबरलेल्या पालकांचे फोन मला दर जुलैत येतात.

मग विषय पुन्हा घ्यावा की नाही? बहुतेक महाविद्यालये प्रवेशासाठी आवश्यक असलेल्या विषयांत किमान सी मागतात. सी मायनस, डी किंवा एफ असेल तर पुन्हा घेण्यावाचून गत्यंतर नाही. साधा सी असेल तर मी सहसा पुढचा विषय घ्यायला सुचवते. बायोकेमिस्ट्रीतला ए हा ऑर्गॅनिकमधल्या सी-ला दिलेले उत्तरच असते, आणि गणितात दोघांची भर सारखीच पडते.

७. मास्टर्स केले तर जीपीए लवकर वाढेल का?

पदवीस्तराचा जीपीए मास्टर्सने अजिबात वाढत नाही. पदव्युत्तर विषयांची ओळ निराळी असते. ती केवळ सगळ्याचा मिळून काढलेल्या एकूण आकड्यात मिसळते. त्यामुळे मास्टर्समध्ये ३.९ मिळवलेल्या विद्यार्थ्याचा पदवीस्तराचा आकडा आधी २.८ असेल तर तो २.८ च राहतो आणि तो तसाच छापला जातो. जी महाविद्यालये अर्जांची पहिली चाळणी पदवीस्तराच्या आकड्यावर लावतात, तेथे मास्टर्सची ओळ वाचली जाण्याआधीच अर्ज बाजूला पडू शकतो.

याचा अर्थ मास्टर्स निरुपयोगी आहे असा घेऊ नये. वैद्यकीय किंवा डेंटल महाविद्यालयांच्या सोबतीने चालणारे काही एक-दोन वर्षांचे कार्यक्रम मुद्दाम अशा विद्यार्थ्यांसाठी आखलेले असतात. बोस्टन विद्यापीठाचा ओरल हेल्थ सायन्सेसमधील मास्टर्स हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथील अभ्यास व्यावसायिक शिक्षणाच्या पातळीचा असतो, त्यामुळे तेथे मिळवलेले ग्रेड मोठा पुरावा ठरतात. धोकाही तितकाच मोठा आहे. पदव्युत्तर वर्गात बी हा जेमतेम ग्रेड समजला जातो, आणि तेथे ३.२ मिळवून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या हाती कमकुवत पदवीसोबत कमकुवत मास्टर्स येते. त्यानंतर सावरायला फारशी जागा उरत नाही.

८. थोडक्यात सांगा, पोस्ट-बॅक करावे की मास्टर्स?

पदवीस्तराचा जीपीए ३.० च्या खाली असेल तर आधी पोस्ट-बॅक, कारण तोच आकडा हलवायचा आहे आणि मास्टर्सने तो हलत नाही (प्रश्न ७). जीपीए ३.२-३.३ च्या घरात असेल, विज्ञानाचे बहुतेक विषय घेऊन झाले असतील आणि डॅट या डेंटल प्रवेशपरीक्षेचे गुण चांगले असतील, तर विज्ञानाच्या मास्टर्सचा विचार करावा. मधल्या विद्यार्थ्यांनी एक सत्र पोस्ट-बॅकचे घेऊन पाहावे. ते स्वस्त पडते आणि स्वतःची तयारी स्वतःला कळते.

९. कम्युनिटी कॉलेजात विषय घेतले तर चालतात का? फी फारच कमी आहे.

जीपीएच्या हिशेबात तेथील ए आणि मोठ्या विद्यापीठातला ए यांत फरक केला जात नाही. फरक पडतो तो निवडीत. काही महाविद्यालये कम्युनिटी कॉलेजची ठरावीक क्रेडिटच मान्य करतात, काही आवश्यक विज्ञान विषय चार वर्षांच्या संस्थेतच हवेत असे सुचवतात. पैशांची ओढाताण असेल तर सुरुवातीचे विषय तेथे आणि वरच्या पातळीचे विषय राज्य विद्यापीठात अशी विभागणी करावी. तेथील ट्रान्सक्रिप्टही अर्जासोबत पाठवावेच लागते. एकच विषय घेतला होता किंवा तो नीट गेला नाही म्हणून ते लपवता येत नाही.

१०. दुसरी बॅचलर पदवी घेतली तर हिशेब नव्याने सुरू होतो का?

होत नाही. पहिल्या बॅचलर पदवीनंतरचे पदवीस्तरावरचे सगळे विषय पोस्ट-बॅकच धरले जातात, मग त्यांतून दुसरी पदवी मिळो वा न मिळो.

११. टेक्सासचे नियम वेगळे आहेत असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे. ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, डॅलस आणि एल पासो येथील सरकारी डेंटल महाविद्यालयांसाठी टीएमडीएसएएस ही राज्याची स्वतंत्र अर्जसेवा आहे. ती ग्रेडमधले प्लस-मायनस विचारात घेत नाही. ए मायनसही ४.० आणि बी प्लसही ३.०. त्यामुळे ए मायनसची रांग असलेल्याचा आकडा तेथे वर जातो आणि बी प्लसची रांग असलेल्याचा खाली येतो. तेथील सायन्स जीपीएमध्ये गणितही धरले जाते. पुन्हा घेतलेल्या विषयांचे मात्र तेथेही सर्व प्रयत्न मोजले जातात.

टेक्सासच्या रहिवाशांसाठी आणखी एक तरतूद आहे, तिला ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट म्हणतात. दहा किंवा त्याहून अधिक वर्षांपूर्वीचे सगळे विषय प्रवेशाच्या विचारातून वगळण्याची मागणी विद्यार्थी करू शकतो. ऐकायला हे फार आकर्षक वाटते, पण नको ते वगळून हवे ते ठेवण्याची सोय त्यात नाही. त्या काळातले चांगले ग्रेड, पूर्ण केलेले आवश्यक विषय आणि त्यांवर मिळालेली पदवीसुद्धा विचारातून जाते. पंधरा वर्षांपूर्वी कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला याचा उपयोग होतो. तेव्हाच पदवी पूर्ण केलेल्याने दहादा विचार करावा.

१२. अर्ज पाठवताना विषय चालू असतील तर त्यांचे ग्रेड धरले जातात का?

लगेच धरले जात नाहीत. ॲडसासचा अर्ज दर वर्षी मे महिन्यात उघडतो आणि जूनच्या सुरुवातीपासून पाठवता येतो. पाठवताना जे ग्रेड हाती असतात त्यांवरच जीपीए निघतो. पुढचे विषय केवळ 'नियोजित' म्हणून दिसतात. नंतर ठरावीक काळात नवे ग्रेड भरण्याची मुभा मिळते, परंतु तोवर बऱ्याच मुलाखती होऊन गेलेल्या असतात, आणि जागा जसजशा भरत जातात तसतशी संधी आकसत जाते. पोस्ट-बॅकच्या ग्रेडवरच ज्याची भिस्त आहे त्याने ते वर्ष संपवून पुढच्या जूनमध्ये अर्ज करावा. एक वर्ष थांबणे घरच्यांना जड जाते हे मी जाणते, पण अर्धवट तक्त्यावर केलेला अर्ज फेटाळला गेला तरी ते वर्ष जातेच, आणि वर फीही जाते.

१३. आमची मुलगी एच-४ व्हिसावर आहे. तिला पोस्ट-बॅक करता येईल का?

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, शिक्षण घेता येते, पूर्णवेळही आणि अर्धवेळही. मात्र मुलांसाठी हा आश्रित दर्जा वयाच्या २१ व्या वर्षी संपतो, आणि पदवी होईतो बहुतेकांचे वय त्याच्या आसपास येते. त्यानंतर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकायचे तर पूर्णवेळ कार्यक्रम आणि त्या संस्थेचा आय-२० हा प्रवेशाचा दाखला लागतो. सुटे एक-दोन विषय घेण्याचा प्रश्न २ मधला मार्ग तेथे बंद होतो. व्हिसाचा विचार विषय निवडण्याआधी करावा. तसेच काही राज्यांची सरकारी डेंटल महाविद्यालये परदेशी नागरिकांचे अर्ज घेतच नाहीत, हे यादी करताना पाहून घ्यावे.

१४. मी पुण्याहून बी.एस्सी. करून आले आहे. माझे टक्के जीपीएमध्ये कसे बदलतात?

भारतीय गुणपत्रिकांचे मान्यताप्राप्त संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि तो अहवाल महाविद्यालयांकडे जातो. परंतु बहुतेक महाविद्यालये आवश्यक विषय अमेरिकेतील किंवा कॅनडातील कॉलेजातच झालेले मागतात, म्हणजे बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स पुन्हा येथे घ्यावेच लागतात. त्यातच आपली तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची मानली जाईलच असे नाही. तुमच्यासारख्यांच्या बाबतीत येथे घेतलेले विषय हाच समितीला नीट वाचता येणारा पुरावा असतो. पहिल्याच सत्रात पाच विषयांचा भार घेऊ नये. येथील परीक्षापद्धती, दर आठवड्याच्या चाचण्या आणि प्रयोगशाळेचे गुण अंगवळणी पडायला एक सत्र लागते, आणि त्या सत्राचे ग्रेड कायम राहतात.

१५. मी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीडीएस आहे. येथे एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातील मास्टर्स, करते आहे. त्याने माझा जीपीए सुधारेल का?

तुमचा मार्गच निराळा आहे. परदेशात डेंटिस्ट झालेल्यांसाठी दोन-तीन वर्षांचे ॲडव्हान्स्ड स्टँडिंग, म्हणजे थेट वरच्या वर्षात प्रवेश देणारे, कार्यक्रम असतात. त्यांपैकी अनेकांचे अर्ज कॅपिड या वेगळ्या सेवेतून जातात. तेथे बीडीएसचे मूल्यमापन केलेले गुण, आयएनबीडीई ही डेंटिस्टांची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा निकाल आणि प्रत्यक्ष हाताच्या कामाची चाचणी यांना महत्त्व असते. एमपीएचचे ग्रेड बीडीएसच्या गुणांत मिसळत नाहीत, ते शेजारी राहतात. बीडीएसचे टक्के बेताचे असतील तर येथील ३.८ किंवा ३.९ चा पदव्युत्तर निकाल नक्कीच उपयोगी पडतो. फक्त तेवढ्यासाठी एमपीएचची फी भरायची असेल, तर तो पैसा आणि वेळ आयएनबीडीईची तयारी आणि चाचणीसाठी हाताचा सराव यांवर खर्च करावा असे मला वाटते.

१६. मे महिन्यात शेवटचा विषय संपला, पण पदवी ऑगस्टमध्ये मिळाली. मधल्या उन्हाळ्यात घेतलेले विषय पोस्ट-बॅक धरायचे की सिनियर?

ट्रान्सक्रिप्टवर पदवी बहाल झाल्याची जी तारीख छापलेली असते ती प्रमाण मानावी. तोवरचे विषय पदवीपूर्व वर्षांत मोडतात आणि त्यानंतरच्या सत्रातले पोस्ट-बॅक होतात. पदवीस्तराच्या एकत्रित आकड्यात याने काही फरक पडत नाही, कारण दोन्ही त्यातच येतात (प्रश्न ४). ओळ तेवढी बदलते. उन्हाळ्यातले ग्रेड उत्तम असतील आणि ते सिनियरच्या ओळीत गेले म्हणून हळहळ वाटत असेल, तर शेवटच्या वर्षाची ओळ उंचावलेली दिसणे हेही चांगलेच आहे. अर्ज भरताना ओळ चुकली तर पडताळणीत ती दुरुस्त होते किंवा अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो, आणि परत आला तर काही आठवडे हातचे जातात. म्हणून पदवीची तारीख ट्रान्सक्रिप्टवर उमटली आहे याची खात्री करून मगच ते पाठवायला सांगावे.